मागे फिरता येईल अशी नवी आवृत्ती

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली पेढीने १ ऑगस्ट २०१२ रोजी, शेअर बाजार उघडल्यापासून अवघ्या पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. बाजारात त्या दिवशी एक नवी व्यवस्था सुरू होत होती आणि तीत भाग घेण्यासाठी पेढीने आपल्या खरेदी-विक्रीच्या प्रणालीत नवा कोड टाकला होता. तो आठ सर्व्हरवर जायला हवा होता, पण तंत्रज्ञाने सातांवर चढवला आणि आठवा राहून गेला. त्या आठव्या यंत्रावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. नव्या कोडसाठी जी खूण वापरली होती, तीच खूण पूर्वी त्या जुन्या कोडला जागे करत असे. परिणामी ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींमधून १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात हा सगळा तपशील आहे, दंडही आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी मला त्या रकमेपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे कोड सगळीकडे पोचला का, हे दुसऱ्या कुणी तपासावे असा लेखी नियमच नव्हता. दुसरी अधिक बोलकी आहे. गोंधळ लक्षात आल्यावर घाईघाईने नवा कोड काढला गेला तो नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून, आणि मग तेही आठव्यासारखेच वागू लागले. मागे फिरायचे कसे, हे आधी ठरलेले नव्हते, म्हणून मागे फिरणेच आणखी महागात पडले.

आजचा वाचक म्हणेल, हे जुन्या काळचे दुखणे झाले, आता सर्व्हरलेस आहे. त्यात तथ्य आहे. अॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा ही सेवा जाहीर केली आणि गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्याही अशा सेवा आल्या. यात तुम्ही फक्त एक छोटे फंक्शन लिहून द्यायचे: कुणी अर्ज भरला की तो तपासणारे, फोटो आला की तो लहान करणारे. ते कोणत्या यंत्रावर चालेल, एकाच वेळी हजार माणसे आली तर किती यंत्रे लागतील, याची काळजी कंपनी घेते. पैसे पडतात ते फंक्शन जेवढ्या वेळा आणि जेवढा वेळ चालले तेवढ्याचेच. यंत्रे आपल्याला दिसतच नाहीत, तेव्हा आठवा सर्व्हर विसरण्याचा प्रश्नही उरत नाही. मात्र त्याच्या जागी दुसरा धोका आला आहे, तो सोपेपणाचा. ब्राउझरमध्ये त्या सेवेचा कन्सोल उघडा, कोडची ओळ बदला, डिप्लॉयचे बटण दाबा, आणि काही क्षणांत येणारी प्रत्येक विनंती नव्या कोडवर जाते. आठ यंत्रांवर फाइल चढवताना निदान हात थबकायला वाव होता. इथे तो नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे की नवी आवृत्ती लोकांपुढे आणण्याचे काम हाताने न करता लेखी सूचनांनी, म्हणजे कोडनेच, करावे, आणि त्या सूचनांमध्ये माघारीची वाट पहिल्यापासून लिहिलेली असावी.

हे प्रत्यक्षात कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लॅम्डामध्ये फंक्शनची आवृत्ती प्रकाशित केली की तिला क्रमांक मिळतो आणि तिचा कोड पुन्हा बदलता येत नाही. १४ क्रमांकाची आवृत्ती कायम १४ क्रमांकाचीच. ग्राहकांच्या विनंत्या मात्र थेट क्रमांकाकडे न पाठवता ‘एलियस’ नावाच्या खुणेकडे पाठवतात. समजा तिचे नाव ‘लाइव्ह’ आहे. आज ‘लाइव्ह’ १४ कडे बोट दाखवते, उद्या १५ कडे दाखवेल. २०१७ च्या अखेरीपासून हे बोट दोन आवृत्त्यांमध्ये विभागता येते: शंभरातल्या नव्वद विनंत्या १४ कडे, दहा १५ कडे. सॅम नावाच्या टेम्प्लेटच्या फाइलमध्ये यासाठी मोजक्याच ओळी लागतात. एलियसचे नाव, मग ‘कॅनरी-१०-पर्सेंट-५-मिनिट्स’ हा प्रकार, आणि त्याखाली अलार्मची यादी. अर्थ असा की पहिली पाच मिनिटे फक्त दहा टक्के विनंत्या नव्या आवृत्तीकडे जाऊ द्या. तेवढ्यात चुका ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या तर ‘लाइव्ह’ पुन्हा पूर्णपणे १४ कडे वळवा, नाहीतर सगळे १५ कडे सोडा. लोकांसाठी दार उघडण्याआधी चालवायची चाचणीही तिथेच नोंदवता येते. माघार घेताना काही पुसायचे नसते, काही नव्याने चढवायचे नसते. जुनी आवृत्ती जागेवरच असते, बोट तेवढे हलते. कधी परतायचे याचा निर्णयही कुणी घामाघूम होऊन घेत नाही. तो आदल्या दिवशी शांत डोक्याने घेतलेला असतो, आणि फाइलमध्ये असल्याने सहकाऱ्याने वाचून त्यावर हरकतही घेतलेली असू शकते.

यावर पहिला आक्षेप जोरकस आहे. माणूस एका ठिकाणी चुकतो, कोड तीच चूक क्षणात सगळीकडे पोचवतो. याला पुरावेही आहेत. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीने सुरक्षेचा एक नवा नियम स्वयंचलित पद्धतीने जगभरच्या आपल्या केंद्रांवर एकदम पाठवला. तो कुणाला अडवण्यासाठी नव्हताच, नुसता निरीक्षणासाठी होता. पण त्यातल्या एका शब्दजुळणीच्या सूत्राने सगळ्या यंत्रांची ताकद खाऊन टाकली आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे उघडेनात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल ग्राहकांच्या संगणकांवर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. कंपनीने फाइल सुमारे सव्वा तासात मागे घेतली, पण जो संगणक सुरूच होत नव्हता त्याला दुरुस्ती पोचणार कशी? माणसांना एकेका यंत्रापाशी जावे लागले. या दोन्ही घटनांत स्वयंचलन होते, टप्पे नव्हते. आणि दोन्हीकडे टप्पे गाळले गेले ते ‘हा काही मुख्य प्रोग्राम नाही, नुसता नियम किंवा माहितीची फाइल आहे’ म्हणून. आक्षेप घेणाऱ्याचे एवढे मान्य करायलाच हवे की नुसते स्वयंचलन हे संरक्षण नव्हे. पण टप्पे हाताने पाळणे तर त्याहून अवघड आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटे थांबून आकडे बघत बसण्याचा संयम माणसाकडे असेलच असे नाही. फाइलमधल्या ओळीकडे तो नेहमी असतो.

दुसरा आक्षेप लहान कंपन्यांचा: आमच्याकडे तीन माणसे, एवढा पसारा कशाला, कन्सोलवर दोन मिनिटांत काम होते. पसारा म्हणजे वर सांगितल्या तेवढ्याच ओळी. उलट हाताच्या दुरुस्तीचा खरा हिशेब नंतर चुकवावा लागतो. रात्री अकराला कुणी कन्सोलवर एक अट बदलून नवी आवृत्ती काढली, एलियस तिकडे वळवला आणि तक्रार मिटली. मूळ कोडच्या भांडारात मात्र ती अट गेलीच नाही. पंधरवड्याने दुसऱ्याने त्याच फंक्शनमध्ये वेगळे काही जोडून ते रीतसर पाठवले की जुनी चूक जशीच्या तशी परत येते, आणि ती कुठून आली हे कुणालाच उमगत नाही. तिघांच्या कंपनीत तर ज्याला ठाऊक होते तोच सोडून गेलेला असण्याची शक्यता जास्त. एकाच कंपनीच्या साधनांत अडकण्याची भीतीही काही जण बोलून दाखवतात. ती खरी आहे, पण सर्व्हरलेस निवडतानाच तो सौदा झालेला असतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. कोड मागे घेता येतो, त्याने केलेले काम नाही. गेलेला एसएमएस परत येत नाही आणि डेटाबेसमधला पुसलेला रकाना आवृत्ती १४ ला सापडत नाही. शिवाय विनंत्यांची विभागणी माणसागणिक होत नाही, विनंतीगणिक होते. एकाच ग्राहकाची पहिली विनंती १५ कडे आणि दुसरी १४ कडे जाऊ शकते, तेव्हा दोघींना एकमेकींनी लिहिलेली माहिती वाचता आलीच पाहिजे. यासाठी जाणकार मंडळी डेटाबेसचा बदल तुकड्यांनी करतात. आधी नवा रकाना जोडायचा आणि जुना तसाच ठेवायचा. मग दोन्हींत लिहिणारी आवृत्ती आणायची. जुन्याला कुणी हात लावत नाही अशी खात्री पटल्यावर, बऱ्याच दिवसांनी, तो काढायचा. याला वेळ लागतो आणि व्यवस्थापकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. पण ही शिस्त नसेल तर टेम्प्लेटमध्ये माघारीची ओळ लिहून तिचा काही उपयोग नाही.

राहता राहिले अलार्म. दिवसाला चाळीसच विनंत्या येत असतील तर पाच मिनिटांत दहा टक्क्यांतून काहीच कळणार नाही. तिथे टप्पा तासांचा हवा, नाहीतर आधीच्या चाचणीवरच भिस्त ठेवावी लागेल. त्याहून अवघड गोष्ट अशी की अलार्मला फक्त सांगितलेले तेवढेच दिसते. वीजबिल काढणाऱ्या फंक्शनने युनिटचा दर चुकीचा लावला तर तांत्रिक चूक होतच नाही. उत्तर वेळेवर जाते, नोंदी स्वच्छ दिसतात, पाच मिनिटे सुखरूप सरतात आणि चुकीची आवृत्ती शंभर टक्के लोकांपुढे येते. ती पकडायची तर सरासरी बिलाची रक्कम किंवा शून्य रुपयांच्या बिलांची संख्या यांवर अलार्म लावावा लागतो. त्यासाठी कोणता आकडा विचित्र म्हणायचा, हे प्रोग्रामरपेक्षा बिलिंग विभागात वर्षानुवर्षे बसलेल्या कारकुनाला चांगले ठाऊक असते. ही फाइल लिहिताना त्याला शेजारी बसवून घेतल्याचे फार थोड्या ठिकाणी दिसते.