पाण्यातलं विसरलेलं सोनं
तळाला पाय न टेकवता सतत पोहत राहायचं आणि प्रतिस्पर्ध्याला चुकवून चेंडू गोलात मारायचा! वॉटरपोलोच्या या दमछाक करणाऱ्या खेळात एकेकाळी भारताने आशियात बाजी मारली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने चिलीला हरवलं. १९५१मध्ये दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत तर थेट सुवर्णपदक पटकावलं. संघातल्या सचिन नाग यांनी तिथेच १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतही जिंकली. पुढे १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ला दिल्लीत कांस्य मिळालं. मग मात्र पदकांचा झरा आटला. नाग यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०२०मध्ये, निधनानंतर तब्बल ३३ वर्षांनी. निदान आपल्या मुलांना तरी ही नावं सांगायला नकोत का?