थंडीत दूध घालायला जाताना : मोटारसायकलला गरम ग्रिप बसवायच्या असतील तर



डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन अडकवून डेअरीच्या रस्त्याला लागणाऱ्यांना थंडी म्हणजे काय, ते आम्ही सांगायला नको. निफाडला २०१८ च्या डिसेंबरात पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. तेवढी थंडी रोज नसते हे खरे. पण ५ अंश असले आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली, तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ती शून्याच्याही खाली गेल्यासारखी लागते. मग बोटे बधिर होतात, ब्रेकचा दांडा हाताला लागतो पण ओढला जात नाही. अर्धा सेकंद उशीर झाला तर त्या वेगाने गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते. बैलजोडीसकट बैलगाडी मावेल एवढे हे अंतर आहे. आणि हेच दिवस उसाच्या वाहतुकीचे. मागे दिवा नसलेला ट्रेलर अंधारात अचानक समोर येतो.

म्हणून अलीकडे हँडलच्या गरम होणाऱ्या ग्रिप बसवून घ्याव्यात असे बरेच जण विचारतात. रबराच्या मुठीत तारेचे वेटोळे असते, त्यातून वीज गेली की मूठ तापते. विजेच्या शेगडीचाच प्रकार, फक्त लहान. वस्तू चांगली आहे. पण ती आपल्या गाडीला झेपेल का, हे पैसे देण्याआधी पाहिले पाहिजे.

आता हिशेब बघा. दोन्ही ग्रिप पूर्ण तापवल्या तर साधारण ३ ते ४ अँपियर करंट घेतात. १०० सीसीच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरी असते ३ किंवा ४ अँपियर-अवरची. इंजिन बंद ठेवून ग्रिप चालू राहिल्या, तर तासाभराच्या आत बॅटरी बसली म्हणून समजा. इंजिन चालू असताना हा भार गाडीच्या मॅग्नेटोने उचलायचा असतो. लहान गाडीचा मॅग्नेटो दिवा, हॉर्न आणि इग्निशन भागवून थोडेच शिल्लक ठेवतो. शिवाय एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, तेव्हा दिवा बंद करून वीज वाचवू असेही म्हणता येत नाही. त्याआधीच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा दिवा थेट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. त्या वायरला ग्रिप मुळीच जोडू नयेत, त्यांचा कंट्रोलर जळेल. ग्रिपला बॅटरीचा डीसी करंटच लागतो.

गाडीला झेपते का, हे घरच्या घरी कळते. पुढच्या दिव्याचा ३५ वॉटचा जुना बल्ब घ्या. तो ग्रिपइतकाच, म्हणजे ३ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी गोठ्यात किंवा बंद खोलीत नको, अंगणात उभी करा. धूर कोंडला तर जीवावर बेततो. इंजिन चालू करून रस्त्यावर असते तेवढी रेस धरा. बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतील. आता पुढचा दिवा चालू ठेवून, मध्ये ५ अँपियरचा फ्यूज घालून हा बल्ब बॅटरीला जोडा. बल्ब विटेवर ठेवा, सीटवर नको. तो फार तापतो, आणि पेट्रोलपासून लांबच असू द्या. तीन-चार मिनिटे पाहा. काटा किंवा आकडा १३ च्या वर टिकला, तर गाडी ग्रिप पेलेल. पावणेतेराच्या खाली घसरत चालला, तर बॅटरी खर्ची पडते आहे. अशा गाडीला ग्रिप बसवू नयेत. दुकानदार काहीही म्हणो, आकडा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. एका सकाळी बटण दाबून गाडी सुरू झाली नाही, तर कॅनमधले दूध वाट बघत नाही.

गाडी पास झाली तर पुढच्या कामाला लागू. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी आणि सगळ्यात शेवटी परत जोडावी. जुन्या ग्रिप परत वापरायच्या नसतील तर ब्लेडने कापून काढा. उजवीकडे ब्लेड हलक्या हाताने चालवा, खाली एक्सलरेटरची प्लास्टिकची नळी असते, तिला चीर पडता कामा नये. हँडलचा पाइप साधारणपणे २२ मिलिमीटरचा असतो. उजवी ग्रिप त्या नळीवर बसते म्हणून तिचे भोक मोठे असते. डावी-उजवी अदलाबदल होत नाही. नळीवर उंच रेघा असतील तर कानस मारून उतरवा, ग्रिप हातोडीने ठोकून बसवू नका, आतली तार तुटते. तेल-ग्रीस तर नकोच, ग्रिप हातात फिरेल. संचाबरोबर येणारा उष्णतेला टिकणारा डिंक वापरावा. तो लगेच धरतो, तेव्हा आधी कोरडी बसवून वायर कुठे येते ते ठरवा आणि मग चिकटवा. रात्रभर तसेच राहू द्या.

उजव्या ग्रिपवर आमचा जास्त भर आहे, कारण चूक झाली तर ती बॅटरीवर भागत नाही. ग्रिपमधून निघणारी वायर रेस देताना मुठीबरोबर फिरते. ती ब्रेकच्या दांड्यात किंवा स्विचच्या डब्यात अडकली, तर रेस अडकून राहील. म्हणून वायरीला सैल वळसा ठेवा आणि मूठ पूर्ण पिळून पाहा. ग्रिपचे बाहेरचे टोक आणि हँडलच्या टोकाचे वजन यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट हवीच, नाहीतर दोन्ही घासतात. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे करून तिन्ही ठिकाणी मूठ पिळून सोडा. ती टपकन आपली आपण मागे आली पाहिजे. इंजिन मंद चालू ठेवून हँडल वळवा. आवाज वाढला तर केबल किंवा वायर ताणली जाते आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

आता वायरिंग. ग्रिपची वायर हॉर्नच्या किंवा मागच्या दिव्याच्या वायरीला पिळून वर टेप गुंडाळणे, हा प्रकार रस्त्यावर फार दिसतो. त्या बारीक वायरीवर ४ अँपियरचा जादा भार पडला की ती तापते, आणि ती नेमकी पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. त्यासाठी रिले घालायचा. रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये लहान बटणाने मोठा करंट चालू होतो ना, तसेच. बारा व्होल्टच्या साध्या रिलेवर चार आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर आणा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपियरचा फ्यूज बसवा. ८७ वरून ग्रिपच्या कंट्रोलरची लाल वायर जाते. ८५ ला अर्थ द्या. ८६ ला चावी फिरवल्यावरच करंट येणारी वायर जोडा. मागच्या पार्किंग दिव्याची चालते, कारण रिले तिच्यातून अगदी थोडा करंट घेतो. वायरीचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी. कंट्रोलरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. आता चावी काढली की ग्रिप बंद, विसरण्याचा प्रश्नच नाही.

नव्या बीएस ६ गाडीत इंजिनच्या सेन्सरची कुठलीही वायर कापू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या कारागिराला आधी विचारलेले बरे.

वायर तांब्याची, बारीक तारांची, दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. टोकांना थिंबल दाबून बसवा. ती इंजिनच्या डोक्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर न्या, आणि हँडल वळते तिथे ढील सोडा, नाहीतर महिन्याभरात आतून तुटते. फ्यूज वारंवार जात असेल तर कुठे तरी वायर सोलली आहे असे समजा. त्या जागी मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

वापरताना निघाल्यावर पाच मिनिटे पूर्ण तापवाव्यात, मग निम्म्यावर आणाव्यात. गावात किंवा डेअरीच्या रांगेत गाडी मंद चालू असेल तेव्हा बंद कराव्यात, त्या वेळी मॅग्नेटो कमी वीज देतो. डावी ग्रिप उजवीपेक्षा गार वाटली तर घाबरू नका. डावीकडे खाली लोखंडी पाइप आहे, तो ऊब ओढून घेतो. ग्रिप चिकटवण्याआधी पाइपवर हीट श्रिंकची पातळ नळी चढवली तर फरक पडतो. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांना चटका कळत नाही, त्यांनी ग्रिप कायम कमी आचेवरच ठेवाव्यात.

ज्यांची गाडी बल्बच्या परीक्षेत नापास झाली त्यांच्यासाठी हँडलवर चढवायची रेक्झिनची कव्हरे मिळतात. आत अस्तर असते, हात कोपराच्या बाजूने आत घालायचा. वारा अडला की अर्धी थंडी तिथेच थांबते, आणि बॅटरीला काही भार नाही. गाव-डेअरी पाच-सहा किलोमीटर असेल तर आमच्या मते सगळ्यांनी आधी हाच उपाय करून पाहावा. कव्हर घेताना दुकानातच गाडीवर चढवून, हातमोजे घालून ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबता येतो का ते पाहावे. वाऱ्याने कव्हर दांड्यावर दाबले गेले तर ब्रेक किंचित लागलेलाच राहतो, म्हणून आतून जाड तारेची कमान द्यावी.