तिजोरी, झोपाळा आणि आईंची शेगडी

माझ्या पुण्याच्या नणंदेला ग्वाल्हेर म्हटलं की फक्त मे महिना आठवतो. "तुमच्याकडे स्वेटर लागतो?" असं तिने एकदा अगदी मनापासून विचारलं होतं. लागतो, आणि कधी कधी दोन लागतात. जानेवारीत इथला पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि धुकं पडलं की दुपारपर्यंत सूर्याचं दर्शन नाही. मे-जूनमध्ये तोच पारा ४५ च्या वर. गंमत अशी की घरं बांधताना आम्ही ग्वाल्हेरकरही मे महिनाच डोळ्यांसमोर ठेवतो. आमच्या नव्या घराचा पहिला नकाशा तसाच होता. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची खोली उत्तरेला. का, तर उन्हाळ्यात गार राहील.

तेव्हा आम्ही लष्करातल्या जुन्या घरात राहत होतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच पुढे लष्कर झालं. घर तेवढं जुनं नाही, पण भिंती दीड हात जाडीच्या दगडाच्या, वर पटियांचं छत आणि समोर इतकी अरुंद गल्ली की थंडीत ऊन दुसऱ्या मजल्याच्या खाली उतरतच नाही. एकदा त्या भिंती गारठल्या की माघ सरेपर्यंत गारच. आईंचा उपाय ठरलेला होता. रात्री कोळशाची शेगडी खोलीत, दार बंद, आणि फटीत जुनं पातळ.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत सकाळी सात वाजले तरी आईंचं दार उघडलं नाही. हाका मारल्या, शेवटी दार ढकललं. आई कॉटच्या कडेला बसल्या होत्या, पण मान धरता येत नव्हती. डोकं दुखतंय, मळमळतंय, एवढंच कसंबसं बोलल्या. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि संध्याकाळी त्या नीट बोलू लागल्या. डॉक्टरांनी समजावलं की जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. पातळ जुनं होतं, विरलेलं होतं, म्हणून फटीतून थोडी हवा येत राहिली असावी, असं मला आजही वाटतं.

त्या रात्री नवरा नकाशा घेऊन बसला आणि त्याने उत्तरेची खोली खोडली.

प्लॉट थाटीपूरच्या बाजूला घेतलेला होता. ठेकेदाराला सगळं एकगठ्ठा द्यायचं नाही, मिस्त्री रोजावर लावायचा, सामान आपण आणायचं, असं ठरलं होतं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन वर्षं आमच्या घरात विटा, वाळू आणि भांडणं याशिवाय विषय नव्हता. पण एक फायदा झाला. मध्येच बदल करायचा तर कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

आईंची खोली दक्षिणेला नेली तेव्हा मिस्त्री हसला. "भाभीजी, मई में भट्टी बन जाएगी।" त्याचं चूक नव्हतं, पण अर्धंच बरोबर होतं. ग्वाल्हेरला डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त चाळीसेक अंश वर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन तिरकं थेट आत येतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन बाहेरच अडतं आणि थंडीतलं खालून आत शिरतं. भट्टी करते ती पश्चिमेची भिंत. म्हणून त्या बाजूला जिना आणि बाथरूम घेतलं. यात यंत्र कुठलंच नाही, विजेचं बिलही नाही, पण हे भिंती उभ्या राहण्याआधीच ठरवावं लागतं.

उरलेली ऊब विजेची. दोन हजार वॉटचा तेलाचा हीटर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि तासाला दोन युनिट खातो. जुन्या घरात असा हीटर आम्ही साध्या एक्स्टेन्शनवर लावला होता आणि त्याचा प्लग पार वितळला होता. नव्या खोलीत भिंत फोडण्याची वेळ येऊ नये म्हणून प्लॅस्टरआधीच जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याचा वेगळा एमसीबी घातला. गरम-गार एसी सध्या परवडत नाही, पण त्याचे पाइप भिंतीत घालून ठेवलेत. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या डक्टमध्ये. कोळशाने एकदा शिकवलं होतं, गॅसकडून पुन्हा शिकायचं नव्हतं.

आता जड वस्तूंकडे येते, कारण खरी भांडणं तिथे झाली.

आम्हा ग्वाल्हेरकरांना लहानपणापासून एक गोष्ट ऐकवतात. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास महाल बांधला. त्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. ती टांगण्याआधी छत भार पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते म्हणे. कुणी आठ सांगतो, कुणी दहा. खरंखोटं महाराज जाणे, पण क्रम बघा: आधी छताची परीक्षा, मग झुंबर. आम्ही उलटं करायला निघालो होतो. स्लॅबची तारीख ठरली आणि आदल्या दिवशी आईंनी विचारलं, "झोपाळा कुठे टांगणार?" सागवानी फळी, पितळी कड्या, वर दोन माणसं, आणि झोका घेतला की भार आणखी वाढतो. नंतर स्लॅबला भोक पाडून बोल्ट मारण्यात अर्थ नव्हता. रात्रीच लोहाराकडून जाड सळईचे आकडे वाकवून आणले आणि सकाळी काँक्रीट पडण्याआधी बीमच्या लोखंडाला बांधले. पाण्याच्या टाकीचंही तेच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाटाचा 'छोटा हत्ती' टेम्पो साधारण पाऊण टन वाहतो, म्हणजे गच्चीवर कायमचा त्याहून मोठा हत्ती उभा! टाकी खांबांच्या डोक्यावर येईल अशीच बसवली.

तिजोरीची कथा वेगळी. आजेसासऱ्यांची लोखंडी तिजोरी, धर्मकाट्यावर चारशे किलोंच्या वर भरली. जुन्या घरातून ती काढायला सहा हमाल आले आणि "जोर लगा के" म्हणत उंबऱ्यावरून उचलू लागले. दोर घसरला, तिजोरी एका कोपऱ्यावर कलंडली. एका पोराची चप्पल खाली चिरडली, पाय त्याने नेमका काढून घेतला होता. सगळे गप्प झाले. मी त्या चपलेकडेच बघत राहिले.

तेव्हा धाकटे काका पुढे आले. वय ऐंशीच्या घरात, आयुष्य गिरणीत गेलेलं. म्हणाले, "उचलायची नाही रे, सरकवायची." पहारीने एक बाजू तसूभर वर, खाली लोखंडी पाइप, पुढे आणखी एक, मागचा सुटला की उचलून पुढे. पायऱ्यांवर जाड फळ्यांचा उतार केला आणि मागून दोर खांबाला दोन वेढे देऊन हळूहळू सोडला. उताराच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, हे काकांनी तीनदा बजावलं. दीड तासात तिजोरी टेम्पोत, आणि कुणाला घामही फारसा आला नाही. नव्या घरात मुख्य दाराची चौकट बसण्याआधीच ती आत घेतली, तीही तळमजल्यावर. दिराला ती वरच्या हॉलमध्ये हवी होती, "शोभेला". काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

जुन्या छतातला एक पटिया मात्र मी हट्टाने आणला. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड. वालुकाश्म म्हणजे घनफुटाला साधारण पासष्ट किलो, तेव्हा हा शंभर किलोंच्या आसपास. त्याला खांद्यावर न घेता, उभा धरून, पाइपांवरूनच आणलं. तो आईंच्या खिडकीखाली बसायचा ओटा झाला. स्वच्छ दिवशी दुपारभर ऊन खातो आणि रात्री नऊपर्यंत कोमट राहतो. धुक्याच्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा हीटरच.

या संक्रांतीला आईंनी ओट्यावर बसून तीळ निवडले. मग हळूच विचारलं, "ती शेगडी टाकली नाहीस ना गं?"

नाही टाकली. गच्चीवर, उघड्यावर पेटवून दिली. वांगी भाजायला हवी होती.