प्रकाशांतून जन्मणारे विचित्र कण



संध्याकाळीं दिवा लावला म्हणजे खोलींतील वस्तु दिसूं लागतात. प्रकाशाशीं आपला परिचय आहे तो असा. तो वस्तूवर पडतो, तेथून परततो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. वस्तु मात्र होती तशीच राहते. दिव्याच्या उजेडानें टेबलावरील एका पुस्तकाचीं दोन पुस्तकें झालीं, असा अनुभव कोणास आलेला नाहीं. परंतु याच प्रकाशाच्या एकेका कणांतील ऊर्जा पुष्कळ वाढविली, तर तो पदार्थाच्या अंतरंगांत शिरून तेथें पूर्वीं नसलेले कण निर्माण करूं शकतो. अशा रीतीनें निर्माण होणाऱ्या कणांपैकीं एका कुळाला शास्त्रज्ञांनीं 'विचित्र' असेंच नांव दिलेलें आहे. त्या विचित्र कणांची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्या ओघांत अशा एका कणाचीही गोष्ट येईल, कीं जो दहाएक प्रयोगांत 'दिसला', आणि अखेर तो नव्हताच असें बहुतेकांचें मत झालें.

प्रथम 'विचित्र' या विशेषणाविषयीं. १९४७ सालीं मँचेस्टर येथील जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर यांनीं मेघपेटींत घेतलेलीं दोन छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. मेघपेटी म्हणजे बाष्पानें भरलेली पेटी. तींतून विद्युद्भार असलेला कण गेला कीं त्याच्या मार्गावर सूक्ष्म थेंबांची रेषा उमटते. आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास चालूं असतां एका छायाचित्रांत, कोठूनही रेषा आलेली नसतांना, एकाएकीं दोन रेषांची बेचकी उमटलेली दिसली. विद्युद्भार नसल्यामुळें अदृश्य राहिलेला कोणी एक कण तेथवर आला व तेथेंच फुटून त्याचे दोन झाले, असाच तिचा अर्थ लागत होता. पुढील कांहीं वर्षांत अशा कणांचें एक कुटुंबच हातीं लागलें.

या कुटुंबाची वागणूक कोड्यांत टाकणारी होती. हे कण टकरींत उत्पन्न होत ते अत्यंत झपाट्यानें. एकावर तेवीस शून्यें मांडून जी संख्या होईल, सेकंदाचे तितके भाग केले तर त्यांतील एखाद्या भागाइतका वेळ त्यांच्या जन्माला पुरे. जो इतक्या सहज जन्मतो तो तितक्याच सहज नष्ट व्हावा, अशी अपेक्षा होती. पण यांपैकीं लॅम्डा नांवाचा कण सरासरीनें जगतो तो सेकंदाच्या हजार कोटि भागांपैकीं दोन-तीन भाग. आपल्या दृष्टीनें हें आयुष्य क्षणाहूनही क्षुद्र आहे. परंतु त्याच्या जन्मास लागलेल्या वेळाशीं तुलना करून पाहा. एक सेकंदांत बांधलेलें घर लक्षावधि वर्षें टिकावें, तसा हा प्रकार आहे. विचित्र म्हणावयाचें तें याला!

१९५३ च्या सुमारास अमेरिकेंत मरे गेल-मान आणि जपानांत काझुहिको निशिजिमा यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, या कोड्याचें उत्तर दिलें. विद्युद्भाराप्रमाणेंच या कणांच्या अंगीं 'वैचित्र्य' नांवाचा एक गुण असतो, आणि टकरीच्या वेळीं त्याचा जमाखर्च नेहमीं जुळावा लागतो. आरंभीं वैचित्र्य शून्य असेल तर शेवटींही शून्यच हवें. म्हणून विचित्र कण एकटा जन्मत नाहीं. एकाचें वैचित्र्य उणें एक असेल, तर त्याच्याबरोबर अधिक एक वैचित्र्याचा दुसरा कण यावाच लागतो. पुढें दोघे एकमेकांपासून दूर गेले, म्हणजे प्रत्येकापाशीं न फिटलेलें वैचित्र्य उरतें. हा नियम न मोडतां तें फेडण्यास मार्ग नसतो. आणि नियम मोडूं देणारी जी निसर्गांतील शक्ति आहे, ती फार दुबळी, म्हणून फार संथ आहे. या संथपणामुळेंच त्यांना तें 'दीर्घ' आयुष्य लाभतें.

१९६४ सालीं क्वार्कची कल्पना पुढें आली, तेव्हां या गुणाचें मूळही कळलें. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे तीन-तीन क्वार्कांचे बनलेले असतात. लॅम्डाही तीन क्वार्कांचाच. परंतु त्यांपैकीं एक निराळ्या जातीचा, म्हणजे 'विचित्र' क्वार्क असतो. केऑन नांवाच्या हलक्या कणांत एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क यांची जोडी असते. धनभारी केऑनमध्यें विचित्र जातीचा प्रतिक्वार्क असतो. म्हणून लॅम्डा आणि धनभारी केऑन हे एकमेकांचे नैसर्गिक जोडीदार होत.

आतां प्रकाशाकडे वळूं. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, प्रोटॉनवर आदळला आणि त्या टकरींतून एक लॅम्डा व एक केऑन बाहेर पडले, तर त्यासाठीं ऊर्जा किती लागेल? ऊर्जा व वस्तुमान हीं एकाच वस्तूचीं दोन रूपें असल्यामुळें दोन्ही इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एकाच मापानें मोजतां येतात. लॅम्डा व केऑन मिळून सुमारें १६१ कोटींचे होतात. प्रोटॉनचे ९४ कोटि आरंभींच हातांत आहेत. तेव्हां ६७ कोटींची भर पुरावी असें वाटेल. पण धडक बसल्यावर नवे कण पुढें ढकलले जातात, व त्या गतींतही कांहीं ऊर्जा खर्च होते. म्हणून प्रत्यक्षांत निदान ९१ कोटींचा फोटॉन लागतो. आपल्या दिव्याच्या प्रकाशकणापाशीं अवघे दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. घरांतील पुस्तकाचीं दोन पुस्तकें कां होत नाहींत, हें आतां ध्यानांत येईल!

एवढा समर्थ प्रकाश उत्पन्न करण्याच्या दोन रीति आहेत. अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांतील न्यूपोर्ट न्यूज या गांवीं टॉमस जेफर्सन यांच्या नांवाची प्रयोगशाळा आहे. तेथें वेगवान इलेक्ट्रॉन सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यांतून सोडीत. सोन्याच्या अणुगर्भाजवळून जातांना एखादा इलेक्ट्रॉन अडखळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा फोटॉनच्या रूपानें टाकून देतो. त्या फोटॉनची ऊर्जा कशी कळावी? मुलाला दहा रुपये देऊन बाजारांत पाठविलें व परतल्यावर त्याच्या खिशांत तीन रुपये उरले, तर सात खर्च झाले हें दुकानदारास न विचारतां कळतें. तसेंच, मंदावलेल्या इलेक्ट्रॉनला लोहचुंबकाच्या साह्यानें वळवून त्याची उरलेली ऊर्जा मोजतात, व वजाबाकीनें प्रत्येक फोटॉनची ऊर्जा ठरवितात.

दुसरी रीत जपानांतील ह्योगो प्रांतांत, स्प्रिंग-८ या यंत्राजवळ योजिली गेली. तेथें १,४३६ मीटर परिघाच्या वर्तुळांत ८०० कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत असतात. त्यांच्यावर समोरून लेसरचा प्रकाश सोडतात. धांवत येणाऱ्या आगगाडीच्या तोंडावर चेंडू फेंकला, तर तो फेंकला त्याहून किती तरी जोरानें परत येईल. प्रकाशाचा वेग तर वाढूं शकत नाहीं. म्हणून परतणाऱ्या फोटॉनची ऊर्जा वाढते. साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा लेसरचा फोटॉन परततो तो २४० कोटींपर्यंत पोंचलेला असतो. म्हणजे वाढ झाली ती सुमारें ६८ कोटि पट!

एवढा खटाटोप करून प्रकाशच कां वापरावा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें, कीं प्रकाशाचे विद्युद्भाराशीं वागण्याचे नियम आपणांस फार अचूक ठाऊक आहेत; ज्या दिव्याची माहिती पुरी आहे, त्याच्याच उजेडांत अनोळखी वस्तु पाहावी हें बरें. शिवाय प्रकाशाच्या कंपनाची दिशा आपल्याला हवी तशी ठरवितां येते. आणखी एक सोय लॅम्डा स्वतःच करून देतो. तो फुटून प्रोटॉन बाहेर पडतो, तेव्हां तो प्रोटॉन लॅम्डाच्या परिभ्रमणाच्या दिशेकडे अधिक झुकतो. लॅम्डा कसा फिरत होता याची साक्ष अशी त्याच्या मरणांतूनच मिळते. या साक्षी लाखोंनीं गोळा करून प्रोटॉनच्या कांहीं उत्तेजित अवस्था ओळखतां आल्या. दुसऱ्या प्रकारच्या टकरींत त्या दृष्टीस पडणें कठीण होतें.

आतां त्या कणाची गोष्ट. आतांपर्यंत सांगितलेल्या जड कणांत तीन क्वार्क असतात, त्यापेक्षां कमी नाहींत व अधिक नाहींत. मग चार क्वार्क व एक प्रतिक्वार्क मिळून पांचांचा कण असूं शकेल काय? १९९७ सालीं डायाकोनॉव्ह, पेट्रॉव्ह व पॉलियाकॉव्ह या तिघां रशियन शास्त्रज्ञांनीं असें भाकित केलें, कीं सुमारें १५३ कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचा असा एक कण असावा. त्याचें वैचित्र्य अधिक एक असेल. तीन क्वार्कांच्या जड कणाला असें वैचित्र्य येऊंच शकत नाहीं. म्हणून तो सांपडला तर पंचकाविषयीं संशय उरणार नव्हता.

२००३ सालीं स्प्रिंग-८ येथील ताकाशी नाकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जाहीर केलें, कीं १५४ कोटींच्या ठिकाणीं असा कण दिसतो. त्यांच्या प्रयोगाचें मुख्य लक्ष्य द्रवरूप हायड्रोजन होतें. परंतु त्यामागें ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टींत कार्बनचे अणु होते व त्यांत न्यूट्रॉन होते. फोटॉन न्यूट्रॉनवर आदळून दोन केऑन बाहेर पडले असतील, अशा घटना निवडून त्यांचा आलेख काढला, तेव्हां त्यांत एक शिखर दिसलें. त्या जागीं ३६ घटना होत्या; नुसत्या योगायोगानें १७ अपेक्षित होत्या. हा अंदाज बरोबर असेल, तर एवढी वाढ आपोआप होण्याचा संभव फारच थोडा.

वार्ता जगभर पसरली. जुन्या नोंदी काढून इतरांनींही शोध घेतला, आणि वर्षभरांत दहाएक गटांनीं आपणांसही तो कण दिसल्याचें कळविलें. त्यांत जेफर्सन प्रयोगशाळेंतील गटही होता. त्याच्या शिखरांत सुमारें ४३ घटना होत्या. त्या कणाला थीटा असें नांवही पडलें. परंतु शंकेलाही जागा होती. प्रत्येक ठिकाणीं घटना मूठभर. वस्तुमान सर्वत्र तंतोतंत तेंच नव्हे. आणि दुसऱ्या कित्येक मोठ्या प्रयोगांत तो मुळींच दिसत नव्हता.

अशा वेळीं जेफर्सन प्रयोगशाळेच्या गटानें जें केलें, तें मला या सर्व हकीकतींत अधिक मोलाचें वाटतें. आपल्याच दाव्याची परीक्षा घेण्यासाठीं त्यानें नवे प्रयोग मांडले. पूर्वींपेक्षां अनेक पटींनीं अधिक टकरी नोंदविल्या. शिखर खरें असतें तर तें आतां सुळक्यासारखें उभें राहावयास हवें होतें. २००५ सालीं निष्कर्ष बाहेर आले, आणि आलेख सपाट होता! पूर्वीं आपण योगायोगाच्या घटनांचा अंदाज कमी धरला होता, असें त्या गटानें छापून मान्य केलें. जपानी गटानें २००९ सालीं नव्या नोंदींच्या आधारें आपला दावा पुन्हां मांडला, तरी सर्वसाधारण मत पालटलें नाहीं.

मग चूक कोठें झाली? कोणीं लबाडी केली नव्हती. ३६ हा आंकडा मोजलेला होता. पण १७ हा अंदाज होता, आणि सारें यश त्या अंदाजावर तोललेलें होतें. घटना थोड्या असल्या म्हणजे कोणत्या ठेवाव्यात व कोणत्या गाळाव्यात, या निवडीनेंही आलेखाचें रूप बदलतें. शिवाय कोठें पाहावें हें भाकितानें आधींच सांगून ठेवलें होतें. वाट पाहणाऱ्याला दाराशीं पाऊल वाजल्याचा भास लवकर होतो, हें घरोघरीं ठाऊक आहे.

पांच क्वार्कांची कल्पना मात्र मेली नाहीं. २०१५ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंतील एका गटास सुमारें २६,००० घटनांच्या अभ्यासांतून पंचक आढळले. २०१९ सालीं नऊपटींहून अधिक घटना तपासल्या, तेव्हां तेथील एक शिखर नाहींसें झालें नाहीं, उलट त्याचीं दोन स्पष्ट शिखरें झालीं. २०२२ सालीं त्याच गटास एका विचित्र क्वार्कासह बनलेला पंचकही मिळाला. थीटा मात्र त्यांत नाहीं.

यापुढें वर्तमानपत्रांत एखाद्या नव्या कणाची वार्ता आपल्या वाचनांत आली, तर तीन प्रश्न अवश्य विचारावे. किती घटना पाहिल्या? योगायोगाचा अंदाज कोणत्या रीतीनें बांधला? आणि ज्यांनीं प्रथम पाहिलें त्यांनीं अधिक घटना घेऊन पुन्हां पाहिलें काय? थीटाच्या बाबतींत तिसरा प्रश्न एका गटानें स्वतःलाच विचारला व त्याचें उत्तर स्वतःच्याच विरुद्ध गेलें, तरी तें प्रसिद्ध केलें. प्रकाशाच्या साह्यानें विचित्र कण शोधणाऱ्यांच्या हातून थीटा निसटला. पण तो नाहीं हें कळलें, तेंही त्याच प्रकाशांत.