उलटतपासणीचा खेळ : न्यायालयीन रहस्यकथेचे एक नवे रूप

रहस्यकथेच्या वाचकाचे स्थान मूलतः प्रेक्षकाचे असते. शोध दुसरा कोणी घेतो आणि वाचक त्याच्या मागून चालतो. बाबुराव अर्नाळकर यांच्या कथांतील झुंजार किंवा काळा पहाड गुंता सोडवीपर्यंत पाने उलटीत राहावयाचे, एवढाच त्याचा वाटा. वाचकाने स्वतः काही शोधल्यावाचून कथा पुढे सरकणारच नाही, अशी रचना छापील पुस्तकात सहसा संभवत नाही. ती व्हिडिओ गेम या माध्यमात संभवते. आणि कथाप्रधान न्यायालयीन खेळांत ती विशेष शुद्ध स्वरूपात आढळते. या खेळांचे स्वरूप कोणते, त्यांत उलटतपासणीची कोणती कल्पना गृहीत धरलेली आहे आणि ती कल्पना येथील न्यायव्यवहाराशी व मराठी वाङ्मयातील न्यायालय-चित्रणाशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. खेळाची रचना

या प्रकाराचा प्रातिनिधिक नमुना म्हणजे शू ताकुमी या जपानी लेखक-दिग्दर्शकाने कॅपकॉम या संस्थेसाठी रचलेला 'ग्याकुतेन साइबान' हा खेळ होय. 'पारडे उलटविणारा खटला' असा या नावाचा आशय सांगता येईल. १२ ऑक्टोबर २००१ रोजी तो जपानमध्ये 'गेम बॉय अॅडव्हान्स' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये 'फिनिक्स राइट : एस अटर्नी' या नावाने त्याचे इंग्रजी रूप आले, आणि पुढे या मालिकेतील पहिले तीन खेळ एकत्रितपणे संगणकावर व भ्रमणध्वनीवरही उपलब्ध झाले.

या खेळात हाताच्या चापल्याला स्थान नाही. पडद्यावर मजकूर येतो, तो वाचावयाचा. हवे तेथे थांबावयाचे आणि पुन्हा तेथूनच आरंभ करावयाचा. कल्याण, डोंबिवली किंवा ठाणे येथून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्याने पूर्वी गाडीत रहस्यकथेचे पुस्तक ज्या रीतीने वाचले असते, त्याच रीतीने हा खेळ खेळता येतो. फरक एवढाच, की येथे वाचन हेच कृत्य ठरते.

खेळणारा आरोपीच्या वकिलाची भूमिका घेतो. साक्षीदाराची साक्ष पाचसहा सुट्या वाक्यांत मांडलेली असते. प्रत्येक वाक्यावर वकिलाला दोनच गोष्टी करता येतात. एक, त्या वाक्याविषयी खोदून विचारणे. दुसरी, आपल्या संग्रहातील एखादा पुरावा पुढे करून ते वाक्य त्याच्याशी विसंगत असल्याचे दाखविणे. चुकीचा पुरावा दाखविल्यास दंड होतो. पहिल्या खेळात अशा पाच चुका झाल्या, की आरोपी दोषी ठरतो.

पहिल्याच खटल्यावरून ही पद्धत स्पष्ट होईल. आपल्याला दुपारी एक वाजता प्रेत दिसले, असे साक्षीदार सांगतो. शवविच्छेदनाच्या अहवालानुसार मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान झालेला आहे. दूरचित्रवाणीच्या आवाजावरून वेळ कळली, असे तो सावरून घेतो. पण त्या वेळी इमारतीत वीजच नव्हती, अशी नोंद वकिलाजवळ असते. मग तो म्हणतो, घड्याळावरून वेळ कळली. आता त्या खोलीतील घड्याळ पुतळ्याच्या आकाराचे असून ते घड्याळ आहे हे पाहून कळण्यासारखे नाही. आणि आपण खोलीत पाऊलही टाकले नाही, असे साक्षीदाराने आधीच सांगितलेले आहे. शेवटी एक आणि चार यांमधील तीन तासांचा उलगडा मृत स्त्रीच्या पारपत्रावरून होतो. ती आदल्या दिवशी पॅरिसहून परतली होती आणि घड्याळ पॅरिसच्या वेळेवरच राहिले होते. इंग्रजी रूपातील घटनास्थळ लॉस एंजेलिस हे असून तेथील वेळ पॅरिसच्या नऊ तास मागे असते. तेथे दुपारचे चार वाजले, की पॅरिसच्या घड्याळात रात्रीचा एक वाजतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा वाचनातून मिळतो. साक्षीदार दरवेळी नवे सांगतो ते मागचे असत्य सावरण्यासाठी. आणि प्रत्येक नवे वाक्य त्याला अधिक अडकविते. उलटतपासणीचे मर्म या रचनेने नेमके पकडले आहे. साक्षीदार खोटा आहे, असे म्हणून भागत नाही. त्याचे कोणते वाक्य कोणत्या नोंदीशी जुळत नाही, हे बोट ठेवून दाखवावे लागते.

२. सत्र न्यायालयातील विसंगती

हीच पद्धत प्रत्यक्ष न्यायालयात नेली असता काय घडेल? एक कल्पित उदाहरण घेता येईल. डोंबिवलीत फडके रोडवर रात्री साडेआठच्या सुमारास एका बाईंच्या गळ्यातील सोनसाखळी हिसकावली गेली. साक्षीदार सांगतो, की तो ठाण्याहून गाडीने आला, स्थानकाबाहेर पडून फडके रोडला लागला आणि रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात त्याने आरोपीचा चेहरा पाहिला. बचाव पक्षाच्या हाती वीज कार्यालयातील नोंद आहे : सव्वाआठ ते नऊ त्या भागातील वीजपुरवठा बंद होता.

खेळात ही नोंद पुढे करताच संगीत थांबेल, साक्षीदाराला घाम फुटेल आणि बहुधा चोर तोच निघेल. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या सत्र न्यायालयात इतक्या झटपट काही घडत नाही. सरतपासणी, उलटतपासणी आणि आवश्यक तर फेरतपासणी हा साक्षीचा क्रम १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तोच कायम आहे. उलटतपासणीत नोंद दाखविल्यावर साक्षीदार म्हणू शकेल, की उजेड दुकानाचा होता किंवा मोटारीच्या दिव्यांचा होता. मग वकील त्याचा पोलिसांपुढील जबाब काढील. त्या जबाबात उजेडाचा उल्लेखच नसेल, तर महत्त्वाच्या गोष्टीचा असा अनुल्लेखही विसंगती ठरू शकतो. परंतु ती विसंगती आधी साक्षीदाराच्या निदर्शनास आणावी लागते, त्याला खुलासा करण्याची संधी द्यावी लागते आणि तो नाकबूल झाल्यास पुढे तपासी अधिकाऱ्याच्या साक्षीतून ती सिद्ध करावी लागते. पोलिसांपुढील जबाब हा स्वतः पुरावा नव्हे. बचाव पक्षाला त्याचा उपयोग साक्षीदाराला खोडण्यापुरताच.

याहून महत्त्वाचा भेद पुढेच आहे. खेळात एक वाक्य पडले, की साक्षीदार पडतो. 'एका बाबतीत खोटा तो सर्वच बाबतींत खोटा' हे रोमन सूत्र भारतीय न्यायालयांनी बंधनकारक नियम म्हणून स्वीकारलेले नाही. साक्ष पाखडून घ्यावी, फोल टाकावे आणि दाणा ठेवावा, अशी येथील रीत आहे. साक्षीदार उजेडाविषयी चुकला असेल. पण तो त्या रस्त्याने गेला होता, एवढे खरे असू शकेल. आणि तो खोटे बोलला असे ठरले, तरी त्यावरून तोच चोर, हे मुळीच ठरत नाही.

३. सिद्धतेचा भार

येथे या खेळातील सर्वांत खोल गृहीतक उघडे पडते. त्यातील वकिलाला आरोपीविरुद्धच्या पुराव्यात संशयाला जागा आहे एवढे दाखवून सुटका मिळत नाही. खरा गुन्हेगार कोण हे त्यालाच शोधावे लागते, त्याच्याकडून ते वदवून घ्यावे लागते, तेव्हा कोठे आरोपी निर्दोष ठरतो. त्यासाठी खेळाच्या कथेत तीन दिवसांची मुदत असते, आणि वकिलाच्या चुकांचा दंड अशिलाच्या माथी बसतो. म्हणजे सिद्धतेचा भार पूर्णपणे उलटलेला आहे.

याची पार्श्वभूमी जपानी आहे. तेथे न्यायालयापुढे आलेल्या फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक राहिले आहे. सर्वसामान्य नागरिकांना न्यायाधीशांबरोबर बसविणारी पद्धती तेथे २००९ मध्ये सुरू झाली, म्हणजे पहिला खेळ निघाल्यानंतर आठ वर्षांनी. इंग्रजी रूपांतर करताना पात्रांची नावे आणि शहर बदलण्यात आले. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' करताना जे केले, त्याच जातीचे हे काम. परंतु कथेतील न्यायपद्धती मात्र बदलली नाही. त्यामुळे अमेरिकन नावे धारण केलेल्या त्या न्यायालयात निर्दोषत्वाचे गृहीतकच नाही, ही गोष्ट खेळणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही.

भारतीय कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे, आणि ती स्पष्ट करणारे दोन प्रसिद्ध निर्णय महाराष्ट्रातील खटल्यांतूनच आलेले आहेत. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) या निर्णयात, आरोपी दोषी 'असू शकेल' आणि तो दोषी 'असलाच पाहिजे' यांमधील अंतर मोठे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या पुण्यातील मृत्युप्रकरणाच्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली गेली व त्यांना 'पंचशील' म्हटले गेले. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढावयाचा ती पूर्णपणे सिद्ध व्हावी. ती केवळ अपराधाच्याच कल्पनेशी सुसंगत असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. इतर प्रत्येक शक्यता तिने वगळावी. आणि साखळी अखंड असावी. फिर्यादी पक्षाच्या पुराव्यातील खिंडार आरोपीच्या खोट्या बचावाने बुजत नाही, हेही तेथे सांगितले आहे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिलेला आरोपी या निकालाने सुटला.

या पाच तत्त्वांशी खेळातील साखळी ताडून पाहिली, तर पॅरिसच्या घड्याळाचा युक्तिवाद चतुर असूनही साक्षीदाराला फाशी देण्यास पुरेसा ठरणार नाही, असे दिसून येईल. तो कोसळून कबुली देतो म्हणूनच कथा पूर्ण होते. ती कबुली लेखकाची देणगी आहे. उलटतपासणीचे फलित नव्हे.

४. उलटतपासणी नसलेला खेळ

मराठी वाङ्मयात न्यायालयाचा खेळ नवा नाही. एखाद्या प्रश्नावर सभागृहात 'अभिरूप न्यायालय' भरविण्याची प्रथा येथील नागरी जीवनात रूढ होती. तिचाच उपयोग विजय तेंडुलकर यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात केला. ते १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची बेणारेबाईंची भूमिका यांनी ते गाजले. योहान हॉयझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात न्यायदान आणि क्रीडा यांचे नाते दाखविले होते : आखलेली जागा, ठरलेले नियम, विशेष वेष आणि दोन पक्षांची स्पर्धा. तेंडुलकरांच्या नाटकात यांपैकी जागा आहे, नियमांचे सोंग आहे, वेषही आहे; स्पर्धा तेवढी नाही. सुखात्मे हे एकटेच दोन्ही बाजूंचे वकील आहेत. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीला उभे राहतात. ज्या दामल्यांवर सारे प्रकरण उभे, ते हजर नाहीत. ऐकीव गोष्टींवर गोष्टी रचल्या जातात आणि एकाही वाक्यासमोर कोणी नोंद ठेवीत नाही.

हे नाटक आणि तो जपानी खेळ शेजारी ठेवले, म्हणजे दोहोंचा अर्थ अधिक उजळतो. खेळात सर्व काही उलटतपासणीच आहे, म्हणून सत्य हमखास हाती लागते. नाटकात उलटतपासणीचा मागमूस नाही, म्हणून खेळ म्हणता म्हणता एका व्यक्तीचे आयुष्य शिक्षेला पात्र ठरते. प्रत्यक्ष न्यायालय या दोन टोकांच्या मध्ये उभे असते. ते उलटतपासणी मागते. पण तिच्याकडून सत्याची हमी मागत नाही. संशयाला वाजवी जागा आहे की नाही, एवढेच ते तिला विचारते.

५. समारोप

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. मुंबईतील नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल अमान्य केला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्यानंतर ज्यूरी पद्धत मावळली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. त्यामुळे ठाण्यातील वा डोंबिवलीतील नागरिक निर्णय देणारा म्हणून न्यायालयात बसत नाही. तो जातो तो फिर्यादी, आरोपी, साक्षीदार किंवा पंच म्हणून. झडतीच्या वेळी परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलाविले जातात आणि पंचनाम्यावर त्यांची सही घेतली जाते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण, शक्यतो भ्रमणध्वनीवर, आवश्यक केले आहे. म्हणजे ज्या उपकरणावर हा खेळ खेळला जातो, त्याच उपकरणावर आता खऱ्या खटल्यातील मुद्देमालाची नोंद होते.

अशा पंचाला वा साक्षीदाराला या खेळाने एक गोष्ट चांगली शिकविलेली असेल : आपले प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे तोलले जाणार आहे, म्हणून जे पाहिले तेवढेच सांगावे आणि न वाचता सही करू नये. दुसरी गोष्ट त्याला खेळाबाहेर शिकावी लागेल. ती अशी, की आरोपी सुटला म्हणजे खरा गुन्हेगार सापडलाच पाहिजे असे नाही. आणि तो सापडला नाही, म्हणून सुटलेला दोषी ठरत नाही. रहस्यकथेला अपुरा शेवट चालत नाही. न्यायाला तो पुष्कळदा पत्करावा लागतो, आणि तो पत्करण्याची तयारी हीच निरपराध माणसाची खरी हमी होय.