तिजोरी, किल्ली आणि कबुली

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1900 साली आपला अनाथ बालिकाश्रम पुण्याच्या वस्तीबाहेर, हिंगण्याला नेला. तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. कर्व्यांच्याच स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे 1991 पासून मुलींना अभियांत्रिकी शिकवते. संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थिनींना आता माहितीची सुरक्षा हा विषय टाळता येत नाही. तिथून काही किलोमीटरवर, गणेशखिंड रस्त्यावर, कॉसमॉस सहकारी बँकेचे मुख्यालय आहे. ऑगस्ट 2018 मध्ये या बँकेतून तीन दिवसांच्या आत 94 कोटी 42 लाख रुपये चोरीला गेले.

वर्ग आणि घटनास्थळ एकाच शहरात, पण वर्गातले ज्ञान संस्थांच्या कारभारात किती उतरते आणि संस्थांवर ओढवलेले प्रसंग वर्गात किती पोहोचतात? संस्थांच्या आणि माहितीच्या सुरक्षेवर गेली पन्नास वर्षे जगभर गंभीर संशोधन झाले आहे. महाराष्ट्रातल्या घटना त्याच्याशेजारी ठेवून पाहिल्या की त्याचे निष्कर्ष आपल्याला किती लागू पडतात ते कळते.

आठ तत्त्वे आणि एक बनावट स्विच

1975 साली अमेरिकेतील एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात सुरक्षित व्यवस्था कशी बांधावी याची आठ तत्त्वे आहेत. त्यांतली काही अशी: प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. स्पष्ट परवानगी नसेल तिथे नकार हेच उत्तर असावे. माहितीपर्यंत पोहोचण्याचा प्रत्येक प्रयत्न दर वेळी तपासला जावा. महत्त्वाच्या कामाला दोन स्वतंत्र किल्ल्या लागाव्यात. हे सांगताना त्यांनी उदाहरण दिले ते बँकेच्या लॉकरचे. आणि व्यवस्था वापरणाऱ्याला सोपी असावी, नाहीतर तो तिला वळसा घालतो.

कॉसमॉसच्या प्रकरणात यातले तिसरे तत्त्व मोडले. एटीएममध्ये कार्ड घातले की मागणी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य खाते-प्रणालीकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मग पैसे द्यायचे की नाही ते ठरते. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या वाटेवर स्वतःचा बनावट स्विच बसवला. मागणी खाते-प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. बनावट स्विच मध्येच ‘मंजूर’ असे उत्तर देत होता. शनिवार, 11 ऑगस्टच्या दुपारपासून काही तासांत 28 देशांतील एटीएममधून, सुमारे 12 हजार व्यवहारांत, 78 कोटी रुपये निघाले. भारतातल्या भारतात आणखी अडीच कोटी काढले गेले; त्यातले काही कोल्हापुरातून. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतील एका कंपनीच्या खात्यावर वळवले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. पण ही माणसे कटाच्या शेवटच्या टोकावरची, बनावट कार्डे घेऊन एटीएमवर गेलेल्या साखळीतली होती. स्विच रचणारे हात कोर्टापर्यंत आले नाहीत.

हिशेबनिसांचे शहाणपण

सुरक्षेचे सुरुवातीचे संशोधन लष्करासाठी झाले. 1973 मधील बेल आणि लापादुला यांच्या प्रारूपाला एकच काळजी होती: गोपनीय कागद खालच्या दर्जाच्या माणसाच्या हाती पडू नये. बँक, कारखाना, नगरपालिका यांची मुख्य चिंता निराळी असते. तिथे कोणी काय वाचले यापेक्षा कोणी काय बदलले हे जास्त महत्त्वाचे ठरते. 1987 मध्ये डेव्हिड क्लार्क या संगणकशास्त्रज्ञाने डेव्हिड विल्सन या लेखापरीक्षण क्षेत्रातल्या सहकाऱ्याबरोबर हा फरक मांडला. दुहेरी नोंद आणि कामांची विभागणी या व्यापाऱ्यांच्या जुन्या रीती त्यांनी संगणकाच्या नियमांत बसवल्या. नोंद करणारा आणि मंजुरी देणारा वेगळा असावा, हा आपल्या बँकांमधला ‘मेकर-चेकर’ नियम त्याच विचारातला आहे.

पुढचे मोठे पाऊल रवी संधू यांचे. मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या संधू यांनी 1996 मध्ये तीन सहकाऱ्यांसह पदानुसार अधिकार देण्याचे प्रारूप सविस्तर मांडले. अधिकार व्यक्तीला न देता पदाला द्यायचे. माणूस बदलीवर गेला की पदाबरोबर अधिकारही सुटतात. पुढे हे प्रारूप अमेरिकेत राष्ट्रीय मानक झाले आणि आज मोठ्या कार्यालयांच्या संगणकप्रणालींमध्ये ते सर्रास वापरले जाते.

या प्रारूपांची मर्यादा पुण्यानेच 2005 मध्ये दाखवली. इथल्या एका कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन खातेदारांचा विश्वास संपादन करून त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले. एकही कुलूप तोडावे लागले नाही. ग्राहकाशी बोलणे हे त्यांचे नेमून दिलेले कामच होते. कागदावर प्रत्येकाचा अधिकार बरोबर होता. त्या अधिकारात राहून काय करता येईल, याचा विचार अपुरा पडला.

नुकसान कोणाचे, काळजी कोणाला

केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी 1993 मध्ये ब्रिटनमधील एटीएम फसवणुकींचा अभ्यास केला. सांकेतिक लेखन फोडून झालेल्या चोऱ्या नगण्य होत्या. बहुतेक चोऱ्या झाल्या त्या प्रणालीच्या ढिसाळ मांडणीमुळे आणि व्यवस्थापनाच्या चुकांमुळे. अँडरसन यांनी त्याहून मूलभूत मुद्दा मांडला. विमान पडले की चौकशी होते, अहवाल निघतो आणि पुढच्या विमानाचा आराखडा सुधारतो. सुरक्षाप्रणाली रचणाऱ्यांना मात्र आधीच्या प्रणाली कशा फसल्या हे कळतच नाही, कारण फसलेली संस्था गप्प बसते.

2001 मध्ये त्यांनी अर्थशास्त्राची बाजू उलगडली. अमेरिकेत फसवणूक सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर होते, ब्रिटनमध्ये ते ग्राहकावर येत असे. ब्रिटिश बँकांनी सुरक्षेवर खर्च जास्त केला, तरी निष्काळजीपणा वाढला. तक्रार खोटी ठरवणे त्यांना सोपे होते. ज्याला नुकसान सोसावे लागत नाही तो काळजी घेत नाही, हे त्यातून दिसले. भारतात रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने हे ओझे बँकेकडे वळवण्याची दिशा ठरवली. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून प्रणालीत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. ठेवीदारांनी हा नियम माहीत करून घ्यायला हवा.

धोका आता एका संस्थेच्या भिंतीत थांबत नाही. जून 2017 मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हे घातक सॉफ्टवेअर पसरले आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीमार्फत न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचले. तिथले काम ठप्प झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला.

माणूस: दोषी की पहारेकरी

‘सर्वांत कच्चा दुवा म्हणजे कर्मचारी’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते. लंडनच्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी 1999 मध्येच त्याला उत्तर दिले होते. लोक पासवर्ड कागदावर लिहितात ते बेफिकिरीने नव्हे; डझनभर पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावणारा नियमच माणसाच्या स्मरणशक्तीला न झेपणारा असतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने एका मोठ्या कंपनीत 14 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर 15 महिने प्रयोग करून 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. फसव्या ईमेलवर क्लिक करणाऱ्याला तिथल्या तिथे धडा देण्याची रूढ पद्धत उपयोगी ठरली नाही. पण संशयास्पद ईमेल कळवण्यासाठी एक सोपे बटण दिले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मिळून नवे हल्ले लवकर आणि बऱ्यापैकी अचूक ओळखले, आणि महिने उलटले तरी त्यांचा उत्साह टिकला.

आणखी एक अभ्यास दक्षिण आशियातला, 2018 चा. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांशी बोलून नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की इथे मोबाइल हा घरात फिरणारा, मुलांच्या आणि नवऱ्याच्या हाती जाणारा असतो. ‘एक माणूस, एक फोन, एक पासवर्ड’ हे गृहीतकच चुकते. बचत गटांचे हिशेब आणि ओटीपी ज्या फोनवर येतात, ते याच घरांतले असतात. मुलींना अभियंता करणाऱ्या कर्वेनगरसारख्या ठिकाणाहून या प्रश्नाचा अभ्यास जितका जवळून होईल तितका झुरिकमधून होणार नाही.

महाराष्ट्राची बौद्धिक शिबंदी

संशोधनाची ताकद महाराष्ट्रात कमी नाही. मुंबईच्या आयआयटीत माहिती सुरक्षेचे संशोधन केंद्र उभे राहिले. तिथल्या आर. के. श्यामसुंदर यांनी एन. व्ही. नरेंद्र कुमार यांच्यासह माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर तिचा मालक कोण, वाचू कोण शकतो आणि तिच्यावर प्रभाव कोणाचा, अशी तिहेरी खूण ठेवणारे प्रारूप मांडले. टाटा समूहाने 1981 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात सॉफ्टवेअरमधील दोष आपोआप शोधणे आणि खासगी माहिती झाकून वापरणे यांवर काम झाले. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचा प्रणाली-सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम अनेक तरुणांना या पेशात घेऊन आला. खडकवासल्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याचे अभिमत विद्यापीठ सायबर सुरक्षा शिकवते. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि मॉडर्न महाविद्यालयात शिकलेले त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात पुण्यातच विषाणूरोधक सॉफ्टवेअर घडवले. त्यांची ‘क्विक हील’ ही कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

नियम झाले, कबुली राहिली

कॉसमॉसनंतर सुमारे दोन महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018 रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली आणि 31 डिसेंबर 2019 रोजी, डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार, बँकांचे चार स्तर केले. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कोणत्याही संस्थेला सायबर घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावी लागते. 2023 चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, ज्यांची माहिती फुटली त्यांनाही कळवायला सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

तरीही अँडरसन यांनी 1993 मध्ये दाखवलेली उणीव कायम आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली. राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे सायबर घातपाताची शक्यता सांगितली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले, आणि नागरिक दोन विधानांच्या मध्ये उभा राहिला. त्याच वर्षी 7 ऑगस्टला कोझिकोडला विमान घसरले, त्याचा सविस्तर चौकशी अहवाल मात्र सप्टेंबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. विमानाला लागू असलेली शिस्त बँकेला, रुग्णालयाला आणि महापालिकेला का नसावी? नावे आणि नाजूक तपशील वगळून रिझर्व्ह बँक आणि सर्ट-इन यांनी घटनांचे अभ्यास-अहवाल विद्यापीठांना दिले पाहिजेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी परदेशी, जुना, तयार विदासंच घेणाऱ्या विद्यार्थिनीला आपल्या भागातल्या पतसंस्थेची प्रत्यक्ष प्रणाली अभ्यासता आली, तर तिचा प्रकल्प आणि पतसंस्था दोन्ही सुधारतील. हे काम मराठीत झाले, तर ते रोखपालापर्यंत आणि संचालकापर्यंतही पोहोचेल.

वाचकांपैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतील. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या ठरावाबरोबर तीन प्रश्न जरूर विचारा: आपली प्रणाली बाहेरच्या तज्ज्ञाकडून शेवटची कधी तपासली, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे अधिकार कोण काढून घेतो, आणि काही घडले तर सभासदांना किती दिवसांत कळवणार. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.