राग शिकायला किती दिवस लागतात?

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची गाणी झाली की आईवडील मला हमखास वरचा प्रश्न विचारतात. घाई समजण्यासारखी आहे. आठवड्याला एक तास, तोही फुटबॉल आणि गृहपाठातून काढलेला! उत्तरादाखल मी मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत सांगते.

मोगूबाई १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावी जन्मल्या. आई लवकर गेली. लहान वयात नाटक मंडळीत कामे करावी लागली. सांगलीत उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि तालीम सुरू झाली. पुढे मुंबईत ती खंडित झाली. मोगूबाई थांबल्या नाहीत. आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्याकडे, नंतर खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा त्यांनी १९३४ साली बांधला. तोवर त्यांनी तिशी गाठली होती.

तालीम म्हणजे काय? गुरूने एक स्वरसमूह गायचा, शिष्याने तो म्हणायचा. जमला नाही तर पुन्हा. जयपूर-अत्रौली गायकीत आलाप आकारात, तालाला धरून चालतो. स्वर रंगवता रंगवता समेवर अचूक यायचे असते. शिवाय या घराण्यात जोडराग पुष्कळ. दोन रागांचा सांधा कुठे, कसा जुळतो हे वहीतल्या आरोह-अवरोहावरून कळत नाही. ते कानानेच घ्यावे लागते.

किशोरीताई लहान असतानाच वडील वारले. मोगूबाईंनी गाणे करून आणि शिकवून संसार चालवला. लेकीला स्वतः शिकवलेच, शिवाय अंजनीबाई मालपेकरांकडेही धाडले. पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर हेही त्यांचे शिष्य. १९७४ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

कुर्डी गाव साळावली धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती तेवढी दिसतात. मोगूबाईंचे गाणे मात्र शिष्यांच्या गळ्यात राहिले, कारण त्यांनी ते समोर बसवून शिकवले.

म्हणून पालकांना माझी विनंती: मुलांना उत्सवात जरूर गाऊ द्या, पण वर्षाला चार रागांचा आग्रह नको. एकच राग घ्या. रोज वीस मिनिटे तानपुऱ्याशी बसवा, आणि जमल्यास तुम्हीही शेजारी बसा.